अकरा लाल कप

एबरहार्टनं केकची बशी कोपरानं बाजूला सारली आणि नकाशावर अकरावा लाल कप काढला. कप नखाएवढाच, पण त्याला कान होता आणि वर वाफेच्या दोन रेघाही होत्या. पेनाचं टोपण लावून तो जरा मागे सरला, चष्मा कपाळावर चढवला आणि आपल्याच कामाकडे बघत राहिला.

"झालं," तो म्हणाला. "मॅकब्राइडचं केबिन. गाडी लावायच्या जागेपासून सात किलोमीटर, तीनशे मीटर चढ, पावणेतीन तास. साडेबाराला पोचायचं, जेवायचं, कॉफी घ्यायची आणि दोनला परत फिरायचं."

"केक खा," रोस्विटा म्हणाली.

त्यानं तुकडा तोंडात टाकला आणि तो बराच वेळ चावत राहिला. रोस्विटाचा केक कोरडा होणं म्हणजे चर्चच्या घड्याळानं मागे पडण्यासारखं होतं. अडतीस वर्षांत असं घडलं नव्हतं. पण गेले काही रविवार हे चाललं होतं. एकदा चॉकलेटच्या पट्ट्यांचा केक लाकडासारखा झाला, एकदा अक्रोडाच्या केकचा भुगा झाला, आणि आज हा लिंबाचा.

"जरा कोरडा झालाय का गं?"

"किती कोरडा?"

"म्हणजे?"

"म्हणजे कॉफीबरोबर उतरतो, की अजिबातच नाही?"

एबरहार्टनं विचार केला. "कॉफीबरोबर उतरतो."

"हं," ती म्हणाली आणि बशी उचलून आत गेली. बायकोच्या हाताची चव वयाबरोबर उतरत चालली असावी, असं त्याला वाटलं. आपले गुडघे उतरत चालले आहेत, तसंच. त्यानं त्यावर आणखी काही बोलायचं नाही असं ठरवलं आणि फाईल पुढे ओढली.

फाईल पिवळी आणि चार बोटं जाड होती. एबरहार्ट क्युबलरचा सगळा जन्म रेल्वेच्या वेळापत्रक विभागात गेला. आमच्या गाड्या आजकाल मन मानेल तेव्हा येतात, पण त्यात त्याचा दोष नाही. तो निवृत्त झाल्यावरच ते सुरू झालं असं तो शपथेवर सांगतो. सत्तावीस ऑगस्टला निघायचं, वीस सप्टेंबरला परत. अमेरिकेतली तीन राष्ट्रीय उद्यानं: यलोस्टोन, त्याच्या दक्षिणेचं टीटन, मग वर कॅनडाच्या सीमेलगतचं ग्लेशियर. प्रत्येक दिवसाला एक पान, प्रत्येक पानाला रंगीत खूण. पलंग, शेगडी आणि संडास असलेली मोठी मोटार भाड्यानं ठरली होती. रात्री ती उभी करायच्या जागांची नोंदणी आपल्या घड्याळात दुपारी चारला उघडते, म्हणून हिवाळाभर त्यानं कितीदा तरी चारची कॉफी सोडून संगणकासमोर बसकण मारली होती. आमच्या भागात चारची कॉफी सोडणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा प्रेमात पडलेला.

एबरहार्ट प्रेमातच होता. नऊ वर्षांचा असताना चहाच्या पुड्यातून निघालेलं एक चित्र त्यानं जपून ठेवलं होतं: जमिनीतून आकाशात उसळणारं गरम पाण्याचं कारंजं आणि त्यासमोर टोपी हातात धरलेला एक माणूस. त्या माणसाच्या जागी आपण उभं राहायचं, एवढीच त्याची इच्छा. आधी घर बांधायचं होतं, मग मुलगी लहान होती, मग आई अंथरुणाला खिळली. आता तो एकोणसत्तर वर्षांचा होता. आत्ता नाही तर मग नाहीच, हे तो रोज दाढी करताना स्वतःला सांगत असे.

रोस्विटानं त्या मोटारीबद्दल आजवर एकच प्रश्न विचारला होता: तिच्यातला ओव्हन केवढा आहे? एबरहार्टनं कंपनीच्या आकृतीवरून मापं काढून दिली होती, पण मनात तो हसला होता. पंचवीस दिवस बाहेर आयतं खायला चाललेल्या बाईला ओव्हन कशाला?

कारण जायचं ठरलं होतं ते एका अटीवर, आणि ती अट फार जुनी होती. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं तिला आल्प्समध्ये नेलं आणि जवळची वाट म्हणून भलत्याच वाटेला घातलं. सहा तास ना घर, ना दार, ना घोटभर कॉफी. शेवटी ती एका दगडावर बसली, बूट काढले आणि म्हणाली, "जिथं कोणीतरी माझ्या पुढ्यात कप आणून ठेवेल, तिथपर्यंतच मी चालेन. त्याच्या पुढे एक पाऊलही नाही. आज नाही आणि कधीच नाही."

हा हट्ट नव्हता. रोस्विटा शाळेच्या स्वयंपाकघरात होती; एकतीस वर्षं रोज दोनशे पोरांच्या ताटात तिनं सूप वाढलं. घरी आल्यावर नवरा, मुलगी, सासू. आठवड्यातून एकदा, रविवारी, डोंगरावरच्या खानावळीच्या बाकावर पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून ती बसायची, आणि दुसरं कोणीतरी कप आणून तिच्या पुढ्यात ठेवायचं. त्या क्षणी तिचा चेहरा कसा होतो ते एबरहार्टला ठाऊक होतं. अडतीस वर्षं त्यानं एकही वाट खानावळीशिवाय आखली नव्हती. आमच्या डोंगरात त्याची अडचणही नाही. तासभर चाललं की झाडीतून तळलेल्या कांद्याचा वास येतोच, आणि नकाशावर जिथं काळा चौकोन आणि शेजारी नाव असेल तिथं मसुराची उसळ, बिअर आणि केक असतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

अमेरिकेच्या नकाशावरही काळे चौकोन होते, शेजारी नावं होती. मॅकब्राइडचं केबिन. सोडा झऱ्याची झोपडी. एबरहार्टनं ती एकेक शोधली, वाटा त्यांच्यापर्यंत आखल्या आणि प्रत्येकाशेजारी लाल शाईनं कप काढला.

*

गिरिभ्रमण मंडळाची सभा बुधवारी दुपारी 'बैला'त भरते. म्हणजे दारावर बैलाची पाटी असलेल्या खानावळीच्या मागच्या खोलीत. वाटांवरच्या खुणांना नवा रंग कधी द्यायचा यावर तासभर वाद झाला, आणि तो मिटला तसा एबरहार्टनं नकाशा उलगडला. दाखवायचा नाही असं ठरवून तो आला होता, पण आणला मात्र होता.

लोथार पुढे वाकला. तरुणपणी दोन वर्षं तो अमेरिकेत ट्रॅक्टर दुरुस्त करत होता, आणि गेली पंचेचाळीस वर्षं त्याबद्दल बोलत होता.

"हे कप कसले?"

"खानावळी."

"कुठल्या?"

"ही मॅकब्राइडची. ही सोडा झऱ्याजवळची. ही..."

लोथारनं बिअरचा पेला खाली ठेवला. "एबर, मॅकब्राइड मेला रे. शंभर वर्षं झाली असतील."

"मग मुलं चालवत असतील."

टेबलाभोवती हशा पिकला. लोथारला ठसका लागला, शेजाऱ्यानं त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले.

"मुलं म्हणे! अरे, तिथं चार ओंडके असतील आणि एक उंदीर. तिथं जंगल म्हणजे जंगलच असतं. कोणे एके काळी कोणी सापळे लावणारा राहून गेला, त्याचं नाव नकाशावर राहिलं. कॉफी हवी तर अस्वलाला सांग."

"दूध घालून की बिनदुधाची, ते अस्वल विचारेल का?" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

"आणि रोस्विटा?" लोथारनं डोळे पुसत विचारलं. "तिला माहीत आहे? त्या ओंडक्यांसमोर ती तुलाच तळून खाईल."

एबरहार्टही हसला. मंडळात चेष्टा झाली की आपणही हसायचं असतं, नाहीतर ती वर्षभर चालते. त्यानं नकाशाच्या घड्या घातल्या. अकरा वेळा उलगडलेला नकाशा त्या दिवशी काही केल्या नीट मिटेना.

ओढ्याच्या काठानं तो घरी चालत निघाला. लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. सांगितलं तर रोस्विटा येणार नाही. रागावणार नाही, शांतपणे म्हणेल, तू जा. आणि तिच्याशिवाय तो जाणार नव्हता. त्या कारंज्यासमोर एकट्यानं टोपी हातात धरून उभं राहायचं, तर मग इथल्या बागेतली नळीच काय वाईट होती? न सांगण्याचा मार्गही होताच. तिथं पोचल्यावर आश्चर्य दाखवायचं: अरेच्चा, बंद झालेलं दिसतंय! लहान पुलापाशी येईपर्यंत त्यानं हा विचार केला आणि पुलावर तो सोडून दिला. दगडावर बसून बूट काढणारी बावीस वर्षांची... नाही, तेव्हा ती अठ्ठावीसची होती... रोस्विटा त्याला अजून स्पष्ट दिसत होती.

*

गुरुवारी रोस्विटा गायनाच्या सरावाला गेल्यावर त्यानं उद्यानाच्या कचेरीला ईमेलनं पत्र लिहिलं. लोथार काय, बोलतच असतो. शाळेतलं इंग्रजी आणि एक शब्दकोश एवढ्या भांडवलावर दोन तास गेले. मॅकब्राइडच्या केबिनात दुपारी कॉफी व केक मिळतो का, ही विचारणा त्यानं फार अदबीनं केली होती. शेवटी एक ओळ जोडली: आठवड्यातला आपला सुट्टीचा वार कोणता, तेही कृपया कळवावं. आमच्याकडच्या प्रत्येक खानावळीचा एक वार सुट्टीचा असतो, आणि सात किलोमीटर चढून बंद दारापुढे उभं राहण्यासारखं दुसरं दुःख नाही.

मग त्यानं खोडरबर घेऊन एक कप पुसून पाहिला. लाल शाई गेली नाही, कागद मात्र खरवडला.

शुक्रवारी बटाटे लावताना तो तिला सांगणार होता. शनिवारी नक्कीच सांगणार होता. त्या आठवड्यात घरासमोरचा रस्ता झाडायची पाळी त्यांची होती. एबरहार्ट खराटा घेऊन फुटपाथवर होता, आणि वरच्या अंगाच्या पायवाटेनं रोस्विटा खाली येताना दिसली. पाठीवर पिशवी.

"कुठं गेली होतीस?"

"वर डोंगरावरच्या मनोऱ्यापर्यंत. गुडघ्यांना सवय नको?"

"एकटीच? आणि पिशवी घेऊन?"

पिशवीत सफरचंदसुद्धा न बाळगणारी बाई ती. बरोबर खायचं बांधून नेणं हा तिच्या लेखी खानावळीचा अपमान होता. तिनं पिशवी उतरवली, आतून घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा काढून बगलेत धरला, आणि पिशवी उलटी करून झटकली. फुटपाथवर चुरा सांडला.

"अगं, आत्ताच झाडलंय!"

"मग परत झाड. आठवडा आपलाच आहे."

समोरच्या खिडकीत पडदा हलला. एबरहार्टनं घाईघाईनं चुरा गोळा केला. ती दारापाशी पोचली तेव्हा त्यानं हाक मारली.

"रोस्विटा, त्या मॅकब्राइडचं..."

"काय झालं त्याला?"

त्यानं खराट्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले. "काही नाही. चढ जरा जास्त आहे."

"चढाचं काय एवढं," ती म्हणाली. "वर बसायला मिळालं की झालं."

ती आत गेली. एबरहार्टनं आधीच स्वच्छ असलेला फुटपाथ शेजाऱ्यांच्या हद्दीपर्यंत पुन्हा एकदा झाडला.

*

उत्तर रविवारी आलं. जेवण झालं होतं, रोस्विटा वरच्या खोलीत पडली होती. एबरहार्टनं शब्दकोश जवळ घेतला.

'प्रिय श्री. क्युबलर,' कोणा डेल हॅगर्टी नावाच्या रेंजरनं लिहिलं होतं, 'मॅकब्राइडच्या केबिनावर १९३१ पासून छप्पर नाही, त्यामुळे सुट्टीचा वारही नाही. उंबरा मात्र शाबूत आहे, दोघांना पुरेल एवढा, आणि तिथं बसलं की सगळी दरी दिसते. बाकी मजकूर मी सौ. क्युबलर यांना फेब्रुवारीतच कळवला होता, तो इथं पुन्हा देतो: केक जरूर न्या, पण घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा नजरेआड करू नका. अस्वलांना केक आवडतो. त्यांनी विचारलं होतं की वाटांवर खानावळी नाहीतच, तर आमच्या कोरड्या हवेत कुठला केक चार दिवस टिकेल. मी माझ्या आईला विचारलं. ती म्हणते, गाजराचा.'

त्यानं पत्र दुसऱ्यांदा वाचलं, एकही शब्द न शोधता.

फेब्रुवारी. फेब्रुवारीत नकाशावर चारच कप होते. उरलेले सात त्यानं तिच्या डोळ्यांदेखत काढले होते, रविवारी, ह्याच टेबलावर, प्रत्येक वेळी किलोमीटर आणि चढ वाचून दाखवत. आणि तिनं प्रत्येक वेळी एवढंच म्हटलं होतं की केक खा. चॉकलेटचा, अक्रोडाचा, लिंबाचा. मनोऱ्यापर्यंत चढून-उतरून आलेले, तीन-तीन दिवस डब्यात ठेवलेले. हिची चव उतरली म्हणून तो मनातल्या मनात कीव करत होता, आणि ती बाई कुठला केक किती दिवस टिकतो ते मोजत होती.

त्याला इतकं बरं वाटलं की आधी तो खुर्चीतून उठला, आणि मग इतकं वाईट वाटलं की परत बसला. आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या हातचा कप, एवढंच तिनं आयुष्यात स्वतःसाठी मागून घेतलं होतं. तेही ती त्याच्यासाठी सोडायला निघाली होती, आणि पाठीवर डबाही तीच वाहणार होती.

चारला ती खाली आली. तिनं डब्यातून केक काढला, कापला. गाजराचा होता. एक तुकडा त्याच्या बशीत ठेवून ती समोर बसली आणि त्याच्या जबड्याकडे बघू लागली.

"कसा झालाय?"

"मऊ," एबरहार्ट म्हणाला. "चौथ्या दिवशीसुद्धा."

तिचा काटा बशीवर थांबला.

"चौथा दिवस हे तुला कोणी सांगितलं?"

"मॅकब्राइडनं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग नकाशाकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"तो मेलाय ना?"

"हो. शंभर वर्षं झाली."

"तरी बरंच बोलतो," ती म्हणाली आणि केकचा घास घेतला.

"तुला फेब्रुवारीपासून माहीत होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

रोस्विटानं सावकाश घास संपवला. "तू कपाला कान काढत होतास, एबर. एवढासा कप, आणि त्याला कान. कान काढत बसलेल्या माणसाला काय सांगायचं?"

त्यानं फाईल उघडली, सामानाची यादी काढली, आणि तिच्या शेवटी एक ओळ लिहिली. रोस्विटाला उलटं वाचता येत असे. शाळेत पोरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून आलं होतं.

"पांढरा नॅपकिन, एक. कोणाच्या बॅगेत?"

"माझ्या."

"कशाला?"

"डबाही माझ्याच पिशवीत," तो म्हणाला आणि उठला.

ओट्यावरचं धुतलेलं पुसणं घेऊन त्यानं ते डाव्या हातावर टाकलं. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. भांड्यातली कॉफी कपात ओतली, आणि टेबलाला पूर्ण वळसा घालून, तिच्या उजव्या बाजूनं येऊन, कप तिच्या पुढ्यात ठेवला. कान तिच्या हाताकडे येईल असा हलकेच फिरवला.

"बाईसाहेब, दूध?"

रोस्विटानं काटा खाली ठेवला. पाठ खुर्चीला टेकली, दोन्ही हात मांडीवर घेतले. चेहरा तोच झाला, रविवारचा, बाकावरचा. डोळे भरून आले होते, ते तिनं तसेच राहू दिले.

"थोडं घाला," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडे सुट्टी कुठल्या वारी असते? मागाहून पंचाईत नको."

"आमच्याकडे छप्परच नाही, बाईसाहेब," एबरहार्ट दूध ओतत म्हणाला. "त्यामुळे सुट्टीही नाही."